बिराजदार बाईंचा सोनेरी प्रश्न

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या जगात सफाईनं खोटं लिहिता येण्याला फार मान असतो, आणि लातूरच्या महानंदा बिराजदार त्या जगातल्या नावाजलेल्या होत्या. शिकवायच्या औषधनिर्माणशास्त्र, पण राज्यभर नाव झालं ते बहुपर्यायी प्रश्नांमुळे. डॉक्टरकीची परीक्षा असो की परिचारिकांची, एखाद्या प्रश्नापाशी वर्गातलं सगळ्यात हुशार पोरगं पेन चावत बसलं की पर्यवेक्षक ओळखायचे, हा बिराजदार बाईंचा.

"खरं उत्तर कोणीही लिहील," त्या शिक्षकांच्या शिबिरात सांगायच्या. "पुस्तक उघडलं की ते तिथं पडलेलंच असतं. कस लागतो तो उरलेल्या तीन पर्यायांत. मूल नेमकं कुठं चुकतं हे ज्याला कळत नाही, त्यानं पेपर काढू नये, भजी तळावीत."

या चुकीच्या पर्यायांना पुस्तकात विकर्षक म्हणतात. पेपर काढणारे आपसात चकवा म्हणतात. चकवा खऱ्या उत्तराएवढाच लांब हवा, तोंडावर तेवढाच साळसूद भाव हवा. त्यात 'नेहमी' किंवा 'कधीच नाही' असले शब्द आले की मुलं वास काढतात. आणि 'वरीलपैकी सर्व' लिहिणारा माणूस आळशी, असं बाईंचं ठाम मत होतं. चकव्यासाठी आधी मुलांच्या चुका गोळा कराव्या लागतात, आणि त्या बाईंनी जन्मभर प्रेमानं गोळा केल्या होत्या.

या मंडळींची एक जुनी रीत होती, थंड वाचन. पेपर काढायचा, कपाटात टाकायचा, आणि सगळं विसरायला झालं की परीक्षार्थीसारखा आपणच तो सोडवायचा. स्वतः काढलेल्या प्रश्नात स्वतःच चुकलो तर प्रश्नात खोट आहे असं मानून तो फाडून टाकायचा. तिथं रडारड चालायची नाही.

बाईंचे यजमान विश्वंभर एसटीत वाहक होते. आता निवृत्त होऊन घरामागे वांगी-मिरच्या लावून बसले होते. दोघांची पहिली भेट अजून घरात चघळली जायची. कॉलेजात असताना महानंदाचा डबा उदगीरच्या गाडीत राहिला, आणि संध्याकाळी एक काळ्या मिशांचा कंडक्टर तो घेऊन वसतिगृहाच्या फाटकात उभा राहिला. डबा घासून लख्ख केलेला होता. आतल्या शेंगापोळ्या मात्र त्यानं खाल्ल्या होत्या, आणि तसं त्यानं सांगूनही टाकलं. बाई त्या खरेपणावर भाळल्या.

बायकोच्या धंद्याची विश्वंभर मनमुराद टिंगल करायचे. "चहा कुणी करायचा? अ, तू. ब, तूच. क, मी सोडून कुणीही. ड, वरीलपैकी सर्व." कधी एखादी धादांत थाप मारून गंभीर चेहऱ्यानं बसायचे आणि बाई "काहीतरीच तुमचं" म्हणून फटकारेपर्यंत हलायचे नाहीत. ते फटकारणं हाच त्यांचा करमणुकीचा कार्यक्रम होता.

बाईंच्या एका प्रश्नाचं मूळ या घरातच होतं. लग्नानंतर लवकरच, विश्वंभर तिशीत असताना, त्यांचा घसा धरला होता. डॉक्टरनं गोळी दिली आणि ती पोटात गेल्यावर थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडायला लागला. शेजाऱ्याच्या जीपमधून दवाखान्यात नेलं म्हणून माणूस हाती लागला. त्या औषधाशी त्यांच्या रक्ताचं वैर होतं. पुढं कधी ते पोटात किंवा शिरेत गेलं तर जीपसुद्धा उपयोगाची नाही, असं डॉक्टर बजावून गेले.

पेपर काढणाऱ्या बाईच्या घरात काही वाया जात नाही. बाईंनी त्या प्रसंगाचा प्रश्न केला. 'पंचावन्न वर्षांचा एक बसवाहक घसादुखीसाठी गोळी घेतो. थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास घेणे कठीण होते. यामागे सर्वांत संभाव्य औषध कोणते?' खाली चार औषधं दिली. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तेवढं वय वाढवलं.

हा प्रश्न काढला त्या सुमारास निकष आलं.

निकष म्हणजे पुण्याच्या एका मूल्यमापन केंद्रानं बनवलेलं यंत्र. परीक्षा एव्हाना संगणकाच्या पडद्यावरच होऊ लागल्या होत्या. निकष त्या पडद्यातून मुलांच्या डोळ्यांवर नजर ठेवायचं. नजर कोणत्या शब्दावर अडखळली, कोणता पर्याय वाचून पुढं गेली आणि पुन्हा मागं आली, उत्तर देण्याआधी पापणी किती थांबली, हे सगळं ते टिपायचं. लाखो डोळे वाचल्यावर त्याला कळलं की माणसाच्या ज्ञानात भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला स्वतःचा आकार असतो. निकष त्या आकाराचा चकवा बनवायचं. बाईंना जे काम महिनाभर पुरायचं ते निकष त्यांचा चहा निवायच्या आत करायचं, आणि बाईंपेक्षा चांगलं करायचं. बाईंना याचा राग आला नाही. चांगलं काम दिसलं की त्यांना ते आवडायचं, मग ते कुणाचंही असो.

आता इथं मेंदूचं थोडं सांगायला हवं. आपला मेंदू गोष्ट लक्षात ठेवतो, पण ती कुठून आली ते विसरतो. ही गोष्ट आपण पाहिली, कुणी सांगितली, की कुठंतरी चुकीची म्हणून वाचली, याची चिठ्ठी आधी गळून पडते. एखादा पर्याय खरा असेल का, असा विचार करताना मन क्षणभर तो खरा धरून त्याचं एक चित्र काढतं. साध्या चकव्याचं चित्र पुसट होऊन जातं. पण चकवा भोकात घट्ट बसला, तर चित्र टिकतं. पुढच्या वेळी ते ओळखीचं वाटतं, आणि जे ओळखीचं वाटतं ते माणसाला खरं वाटतं.

जुन्या मास्तरांना मेंदूचं शास्त्र माहीत नव्हतं, पण मुलं माहीत होती. म्हणून पेपर झाला की त्याच दिवशी फळ्यावर उत्तरं लिहून द्यायची पद्धत होती. निकषचे प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा वापरायचे होते. ते गुप्त, त्यांची उत्तरंही गुप्त. दरवर्षी लाखो मुलं डोक्यात चित्रं घेऊन घरी गेली आणि ती पुसायला कुणी आलं नाही.

केंद्राच्या प्रमुखांनी, पाटणकरांनी, आणखी एक गोष्ट केली. त्यांनी थंड वाचनाची रीत उलटी केली. प्रश्न काढणाराच फसला तर चकवा सर्वोत्तम, मग प्रश्न फाडायचा कशाला? त्याला सोनेरी शेरा द्यायचा आणि प्रत्येक परीक्षेत घालायचा. निकष एकेक प्रश्न त्याच्या कर्त्यासमोर वर्षभर पुन्हा पुन्हा ठेवायचं, दर खेपेला चकव्याचा एखादा शब्द बदलून, कर्त्याची नजर जिथं रेंगाळली तिकडं जरासं सरकवून.

बिराजदार बाईंचा बसवाहकाचा प्रश्न सोनेरी ठरला तेव्हा पुण्यात कार्यक्रम झाला.

"मॅडम, तुमच्याच प्रश्नानं तुम्हाला चितपट केलं!" पाटणकर माईकवरून म्हणाले.

"बोट घसरलं असेल," बाई हसून म्हणाल्या. "माझ्या घरातली गोष्ट आहे ती. झोपेतून उठवून विचारलंत तरी उत्तर सांगेन."

"पण सांगू नका. गुप्त आहे," पाटणकर म्हणाले, आणि सभागृह हसलं.

घरी पेढे आले. विश्वंभरनी एक तोंडात टाकला. "सोताच्याच पेपरात नापास झाल्याचे पेढे वाटायलीस. अशी तू एकटीच बग जगात."

त्याच वर्षी सगळ्यांची आरोग्य कार्डं नव्यानं भरून घेतली गेली. विश्वंभर वांग्यांना पाणी देत होते, म्हणून बाईंनी दोघांचीही माहिती स्वतःच सांगितली. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, या रकान्यापाशी त्या क्षणभरही अडल्या नाहीत.

चार वर्षांनी विश्वंभरच्या पोटरीला कुंपणाचा गंजका पत्रा लागला तेव्हा त्यांनी हळद दाबली आणि कुणाला सांगितलं नाही. बाईंना कळलं तोवर पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन तापला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला उठेनात, आणि उठवायला गेलेल्या बायकोला "उदगीर, उदगीर, चला मागं सरका" असं म्हणायला लागले. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. बाईंनी रिक्षा बोलावली आणि रिंगरोडवरच्या एका दवाखान्याचं फाटक गाठलं.

तातडीच्या विभागात डॉ. रेणुका सोमवंशी होत्या. तरुण, चटपटीत, पाहताक्षणी विश्वास वाटावा अशी मुलगी. तिनं पाय पाहिला, रक्तदाब पाहिला आणि तिचा आवाज खाली आला.

"रक्तात जंतू पसरलेत. सलाईन आणि रक्तदाब वाढवायचं औषध लावलंय. आता अँटिबायोटिक लवकर जायला हवं. पेनिसिलीनच्या कुळातलं इंजेक्शन देतेय, या जखमेला तेच सगळ्यात चांगलं." तिनं पडद्यावर आरोग्य कार्ड उघडलं. "अ‍ॅलर्जी सल्फाची आहे. म्हणजे याला काही अडचण नाही. बरोबर ना?"

"हो, सल्फा," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं ती पांढरी कडू गोळी स्पष्ट उभी राहिली.

कार्डावरच्या आडनावावर नजर जाताच रेणुकाचा चेहरा उजळला. "तुम्ही त्या बिराजदार मॅडम? पेपरवाल्या? आमच्या वेळी तुमचा एक प्रश्न होता, अजून पाठ आहे मला. पंचावन्न वर्षांचा बसवाहक घसादुखीसाठी गोळी घेतो..." बोलता बोलता ती सिरिंज भरत होती. "उत्तर सल्फाच होतं. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय."

कुणालाही बरं वाटलं असतं. बाईंनाही क्षणभर वाटलं. मग त्यांच्यातली पेपर काढणारी बाई जागी झाली.

"उत्तर सल्फा होतं हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? मी तेच निवडलं होतं."

"पण बरोबर आलं होतं का?"

"ते कुठं सांगतात, मॅडम. पण मला खात्री आहे. आमच्या अख्ख्या बॅचनं सल्फाच लिहिलं होतं."

अख्ख्या बॅचनं.

ज्या प्रश्नाला सोनेरी शेरा मिळतो त्यात हुशार मुलं एकाच ठिकाणी पडतात. त्यासाठीच तर तो शेरा असतो. आणि त्या मुलांबरोबर बाईही पडल्या होत्या. आपलं बोट घसरलं असेल, असं त्या तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे याची त्यांना शंकाच नव्हती. पण बोट घसरलंच नसेल तर? त्यांनी खात्रीनं, पूर्ण भानावर राहून सल्फा निवडलं असेल, आणि तोच चकवा असेल तर?

त्यांनी डोळे मिटून तो जुना दिवस आठवून पाहिला. जीप दिसली, मागच्या बाकावर धापा टाकणारे विश्वंभर दिसले. ओठ सुजलेले, मानेवर गांधी, आणि डोक्यावर पांढरे केस.

पांढरे केस! त्या दिवशी विश्वंभर तिशीत होते. केस काळे होते, मिशा काळ्या होत्या. जीपमध्ये बसला होता तो पंचावन्न वर्षांचा बसवाहक होता. बाईंनी स्वतः लिहिलेला माणूस त्यांच्या नवऱ्याच्या जागी बसला होता. त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पण काळे केस काही केल्या दिसेनात. स्वतःच्या डोक्यात कुणी शिरून सामान हलवून गेलंय आणि आपल्याला पत्ताही नाही, अशी भीती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटली.

"थांब," त्या म्हणाल्या. "ते इंजेक्शन देऊ नकोस."

रेणुका सुई घेऊन पलंगापाशी पोचली होती. "मॅडम?"

"त्यांना कदाचित पेनिसिलीनचीच अ‍ॅलर्जी आहे."

"पण कार्डावर सल्फा लिहिलंय."

"ते मी लिहून दिलंय. चार वर्षांपूर्वी. त्या प्रश्नानंतर."

रेणुकाला काही कळेना. बाईंनी मुलीला, ईश्वरीला, नागपूरला फोन लावला. ती विमा कंपनीच्या कचेरीतून बोलत होती.

"ईशू, बाबांना कोणतं औषध चालत नाही ग?"

"सल्फा ना आई. तूच तर सांगितलंस. का? काय झालं बाबांना?"

"कधी सांगितलं मी?"

"कार्डं भरली तेव्हा. आई, तू रडायलीस का?"

बाईंनी नंतर सांगते म्हणून फोन ठेवला. विश्वंभर स्वतः तापाच्या भरात उदगीरच्या गाडीतच होते, जुने डॉक्टर कधीच वारले होते, जीपवाला शेजारी मुलाकडे सुरतेला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी पाटणकरांना फोन लावला.

"मॅडम, उत्तरसूची आता माणसाला दिसतच नाही," पाटणकर कौतुकानं म्हणाले. "ती थेट यंत्रात असते, तीच तर आपली शान. समितीकडे अर्ज करा, बघू. पण तुम्हाला कशाला हवंय उत्तर? प्रश्न तुमचा."

"प्रश्न माझा होता," बाई म्हणाल्या. "उत्तर आता माझं राहिलेलं नाही. माझा नवरा मरायला टेकलाय, पाटणकर."

पाटणकरांच्या आवाजातलं कौतुक गेलं. मग ते म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का? मलाही ते सल्फाच वाटतं."

बाई आत आल्या. कार्ड सल्फा म्हणत होतं, डॉक्टर सल्फा म्हणत होती, पोटची पोर सल्फा म्हणत होती, केंद्राचा प्रमुख सल्फा म्हणत होता, आणि त्यांचं स्वतःचं मन सगळ्यांपेक्षा मोठ्यानं सल्फा म्हणत होतं. इतके साक्षीदार एका सुरात बोलतात तेव्हा कुणीही विश्वास ठेवेल. पण ते सगळे एकाच घरातून आले होते, आणि ते घर निकषचं होतं.

"मॅडम, वेळ जातोय," रेणुका आता घाबरली होती. "दुसरं औषध आहे, पण ते मूत्रपिंडावर कठीण जातं, आणि सरांची मूत्रपिंडं आधीच ढेपाळलीत. नुसत्या शंकेवरून मी चांगलं औषध सोडू कसं? तुम्हाला नक्की काय आठवतंय ते तरी सांगा."

"मला पक्कं आठवतंय की सल्फाच आहे," बाई म्हणाल्या. "इतकं पक्कं आठवतंय, म्हणूनच सांगते, ते इंजेक्शन देऊ नकोस."

असलं वाक्य रेणुकानं कधी ऐकलं नव्हतं. पलंगावर विश्वंभर हात हलवत कुणाला तरी मागं सरकायला सांगत होते.

"तू त्या प्रश्नाचं उत्तर आठवू नकोस, पोरी," बाई म्हणाल्या. "मीही आठवत नाही. आपण दोघी बिघडलेल्या आहोत. त्यांच्या अंगालाच विचार. त्यानं परीक्षा दिलेली नाही."

रेणुकाच्या ध्यानात आलं. "टेस्ट डोस?"

"तुमच्या शिक्षकांच्या काळी द्यायचे."

"मी एकदाच पाहिलंय. आता कार्ड असतं म्हणून कोणी करत नाही." मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण त्या एवढ्याशा थेंबानंही काही झालं तर?"

"होऊ शकतं. ते उलटवायचं औषध भरून हाताशी ठेव. मी त्यांचा हात धरून बसते."

रेणुकानं सिरिंजमधल्या औषधाचा एक थेंब दुसऱ्या सिरिंजमध्ये घेऊन पाण्यानं अगदी पातळ केला. विश्वंभरच्या मनगटाच्या वर, कातडीच्या आत, डाळीच्या दाण्याएवढा फुगवटा आला. तिनं खिशातलं पेन काढून त्याभोवती एक गोल काढला. मग दोघी बसून राहिल्या.

तो गोल पाहून बाईंना आपल्या तरुणपणच्या कागदी उत्तरपत्रिका आठवल्या. चार गोल असायचे, आणि खरं वाटेल तो काळा करायचा. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना असे गोल दिले होते. आज त्यांना स्वतःला एकच गोल मिळाला होता, आणि तो भरणं त्यांच्या हातात नव्हतं.

आणि वाईट असं की त्यांना तो कोरा राहायला हवा होता. कोरा राहिला तर चांगलं औषध देता येईल. कोरा राहिला तर आपलं डोकं शाबूत आहे, लग्नानंतरची ती जीप, तो दिवस, सगळं जागच्या जागी आहे. त्या मनातल्या मनात बसवेश्वरांचं नाव घेत होत्या. विश्वंभरचा हात तापानं भाजत होता. यंत्रावर त्यांचा रक्तदाब कमी-जास्त होत होता आणि रेणुका एकदा तिकडे, एकदा मनगटाकडे पाहत होती.

आधी गोलाच्या मधोमध गुलाबी ठिपका आला. बाईंनी तो सुई टोचल्याचा आहे असं ठरवलं. मग ठिपका पसरला. कातडी उचलली गेली, कडा वेड्यावाकड्या झाल्या, आणि पाहता पाहता पेनानं काढलेला गोल लाल भरून गेला. लाली रेषेबाहेर आली आणि कोपराकडं सरकायला लागली.

रेणुकानं पहिली सिरिंज, पूर्ण ताकदीची, जी तिनं मघाशी जवळजवळ टोचली होती, ट्रेमध्ये ठेवली.

"मॅडम," ती म्हणाली. "आमची अख्खी बॅच बाहेर दवाखान्यांत आहे. घसादुखीचा पेशंट आला, पूर्वी अंगावर उठलं होतं म्हणाला, की आम्ही सगळे सल्फा टाळतो आणि बिनधास्त पेनिसिलीन देतो. मी स्वतः किती जणांना..."

"आधी यांना दुसरं औषध दे," बाई म्हणाल्या. "मग तुझ्या सगळ्या बॅचला फोन कर. आणि त्यांच्या डोक्यात काय झालंय ते सांगत बसू नकोस, त्यांना पटणार नाही. आज जे इंजेक्शन देणार असतील त्याचा गोल काढून बघा म्हणावं."

दुसरं औषध गेलं. विश्वंभरच्या मूत्रपिंडांना ते सोसवतं की नाही याची काळजी करण्यात तो आठवडा गेला, आणि त्यांनी ते कसंबसं सोसलं. पाय वाचला. बाईंनी केंद्राला, विद्यापीठांना, ओळखीच्या सगळ्यांना कळवलं. केंद्रानं उत्तर पाठवलं की एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि हा प्रश्न गेल्या पाच वर्षांतला सर्वाधिक विश्वासार्ह प्रश्न आहे.

या सगळ्यात एक गोष्ट बाईंनी कुणालाच सांगितली नाही. तो लाल झालेला हात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. कार्डावर स्वतः दुरुस्ती करून घेतली होती. उत्तर पेनिसिलीन हे त्यांना आता माहीत होतं. पण डोळे मिटले की अजूनही ती पांढरी कडू सल्फाची गोळीच दिसायची, आणि जीपमध्ये पंचावन्न वर्षांचा माणूस धापा टाकायचा. खरं काय ते कळूनही आतलं चित्र बदलत नव्हतं. आणि मग रोज एक नवा प्रश्न पडायचा, की निकषनं वर्षभर आपल्या पुढ्यात शेकडो प्रश्न ठेवले, त्यातले कितीतरी आपण घरातूनच उचलले होते. त्यातलं काय काय हललं असेल? जे हललं ते सापडणार कसं, जर हललेलंच जास्त पक्कं वाटत असेल?

विश्वंभरना घरी सोडायच्या दिवशी सकाळी खोलीत ऊन आलं होतं. ते उशीला टेकून बसले होते, हडकलेले, पण डोळ्यांत जुनी खोडी परत आली होती. मनगटावर पेनाचा गोल पुसट उरला होता.

"डोक्यावर ताप गेला होता म्हणं माझ्या," ते म्हणाले. "काही बिघडलंय का ते बगून घेतो. आपण पहिल्यांदा कुठं भेटलो? सांग बरं."

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं, पण त्या उत्तराची त्यांना भीती वाटली. हात टोचून बघता येईल असा हा प्रश्न नव्हता.

"आधी तुम्ही सांगा," त्या हळूच म्हणाल्या.

विश्वंभरनी चेहरा गंभीर केला. "औशाला. तुझ्या मावशीच्या लग्नात. तू पंगतीत बुंदी वाढायलीस, हिरवी साडी, आणि माझ्या पानात दोनदा वाढलीस."

बाईंना ती पंगत दिसली. मांडवातली धूळ दिसली, हिरव्या साडीचा काठ दिसला, बुंदीच्या पातेल्याची कड हाताला गरम लागली. त्यांच्या खांद्यांवरचं मोठं ओझं उतरलं. इतकं स्पष्ट दिसत होतं, म्हणजे एवढं तरी शाबूत होतं.

"हो," त्या हसून म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. "दोनदा वाढली होती."

विश्वंभर वाट बघत राहिले. 'काहीतरीच तुमचं' ऐकण्यासाठी त्यांनी हसू ओठांआड दाबून ठेवलं होतं. बायको हसत होती, त्यांचा हात थोपटत होती, पण फटकारत नव्हती. हळूहळू त्यांचं हसू विरलं, आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"महानंदा," ते म्हणाले. "मी गंमत केली ग. डबा घेऊन आलो नव्हतो का मी?"